निर्वासितांचा पाठीराखा : फ्रिट्यॉफ नान्सेन

थंडीचे दिवस सुरू झाले की आपल्याकडच्या शहरांतून रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने मांडली जातात. आपण घासाघीस करतो, स्वेटर अंगाला लावून पाहतो आणि घरी येतो. विकणारी बाई कोण, कुठली, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. कदाचित ती उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडची असेल. तेथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. अशा माणसाला उद्या परदेशी जायचे झाले, तर त्याने पारपत्र कोणत्या देशाचे दाखवायचे? ज्या भूमीतून तो, किंवा त्याचा बाप, जीव घेऊन पळाला, तेथल्या राज्यकर्त्यांकडे तो कोणत्या तोंडाने मागणार, आणि ते तरी त्याला का देणार? म्हणून भारत सरकार अशांना ओळखीचा एक दाखला देते, आणि परदेशच्या सीमेवरचे अधिकारी तो पारपत्राच्या जागी पाहतात.

या दाखल्याचे कूळ शोधीत गेलो तर आपण १९२२ सालच्या जिनीव्हा शहरी जाऊन पोहोचतो. तेथे उंच, सडपातळ, भरघोस मिशांचा एक नॉर्वेजियन प्राध्यापक आपल्याला भेटतो. त्यांचे नाव फ्रिट्यॉफ नान्सेन. भूगोलाच्या पुस्तकातून ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून ते आपल्या ओळखीचे असतात. परंतु आयुष्याची अखेरची दहा वर्षे त्यांनी बेघर माणसांसाठी सरकारांचे उंबरठे झिजवण्यात घालविली, ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगण्याजोगी आहे. कारण निर्वासितांचे पुनर्वसन दयेवर होत नाही, अनेक सरकारांनी मिळून थोडा थोडा भार उचलला तरच होते, हे जगाला प्रथम कृतीने दाखवून दिले ते या गृहस्थांनी. आणि सरकारे कोठवर सोबत येतात व कोठे पाठ फिरवतात, हेही त्यांच्याइतके कोणी अनुभवले नसेल.

बर्फातले शिक्षण

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. त्या वेळी या शहराला ख्रिस्तियानिया म्हणत. वडील वकील, शिस्तीचे. आई मोकळ्या हवेची भोक्ती. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जायचे, या स्कीच्या खेळात मुलगा लहानपणीच तरबेज झाला. १८८१ मध्ये त्यांनी विद्यापीठात प्राणिशास्त्र हा विषय घेतला. पुढल्याच वर्षी सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून ते उत्तर समुद्रात गेले, आणि बर्फाने त्यांच्यावर जी मोहिनी घातली ती कायमची. परत आल्यावर बर्गेनच्या संग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी खालच्या दर्जाच्या प्राण्यांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास केला आणि त्यावर १८८८ साली डॉक्टरेट मिळविली. मज्जापेशी एकमेकींशी जोडलेल्या नसून स्वतंत्र असतात, या आज सर्वमान्य झालेल्या मताच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांत त्यांची गणना होते.

त्याच वर्षी त्यांनी ग्रीनलंड ओलांडण्याचे ठरविले. त्यापूर्वी ज्यांनी हा प्रयत्न केला ते वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि अडचण आली की मागे फिरत. नान्सेन यांनी उलटा हिशेब मांडला. जवळजवळ निर्मनुष्य असलेल्या पूर्व किनाऱ्यावरून निघायचे, म्हणजे मागे फिरण्यात अर्थच उरणार नाही. अन्न, आसरा, माणसे सारे पुढेच. सहा जणांच्या त्या तुकडीने शेवटी पश्चिम किनारा गाठला. परंतु तोवर वर्षातले अखेरचे जहाज निघून गेले होते. सगळा हिवाळा त्यांना तेथेच काढावा लागला. तो काळ नान्सेन यांनी स्थानिक एस्किमोंच्या, ज्यांना आता इन्युइट म्हणतात त्यांच्या, झोपड्यांतून काढला. त्यांची भाषा, त्यांची कायाक होडी, त्यांची शिकार शिकून घेतली. परक्या माणसांच्या घरी पाहुणा म्हणून राहण्याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा ‘फ्राम’ जहाजाने दिला. सैबेरियाच्या उत्तरेस १८८१ मध्ये बुडालेल्या ‘जीनेट’ या जहाजाच्या काही वस्तू तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागल्या होत्या. यावरून नान्सेन यांनी ताडले की ध्रुवसमुद्रातला बर्फ स्थिर नाही, तो पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. मग बर्फाशी झुंजायचे कशाला? त्याच्यातच जहाज अडकवून द्यावे आणि प्रवाह नेईल तिकडे जावे. जाणत्या दर्यावर्दींनी या कल्पनेला वेडगळ ठरविले. कॉलिन आर्चर या कारागिराने मात्र असे जहाज बांधून दिले, की ज्याचा तळ गोलसर असल्यामुळे बर्फाने दाब दिला तर ते चिरडण्याऐवजी वर उचलले जावे. ‘फ्राम’ या शब्दाचा अर्थ ‘पुढे’. १८९३ च्या जूनमध्ये तेरा माणसे घेऊन ते निघाले.

प्रवाह आपल्याला ध्रुवाच्या बाजूने नेतो आहे, ध्रुवावर नव्हे, हे लक्षात आल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि योहान्सेन हे दोघे कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन पायी निघाले. ८६ अंश १४ कलांपर्यंत ते पोहोचले. त्याआधी इतक्या उत्तरेस कोणी गेले नव्हते. तेथून मात्र त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. फ्रान्झ जोझेफ द्वीपसमूहावर दगडांची भिंत आणि वॉलरसच्या कातड्याचे छप्पर अशा खोपटात, अस्वलाचे मांस खाऊन, दोघांनी संपूर्ण हिवाळा काढला. जून १८९६ मध्ये एका इंग्रज संशोधकाची गाठ पडली आणि ऑगस्टमध्ये ते नॉर्वेला परतले. ‘फ्राम’ही त्याच सुमारास बर्फातून सुटले. तेरापैकी एकही माणूस दगावला नाही.

या मोहिमेतून ध्रुवसमुद्र खोल आहे हे सिद्ध झाले, सागरविज्ञानाला नवी दिशा मिळाली, नान्सेन जगप्रसिद्ध झाले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या शक्तीला आपण अडवू शकत नाही तिचा रोख ओळखावा आणि आपली नाव तिच्यात अशी ठेवावी की ती चिरडली न जाता पुढे जाईल, ही नान्सेन यांची रीत येथे घडली. पुढे सरकारांशी वागतानाही त्यांची रीत हीच राहिली.

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून अलग झाले तेव्हा वाटाघाटींत त्यांनी मोठा वाटा उचलला. १९०६ ते १९०८ या काळात ते लंडनमध्ये आपल्या देशाचे वकील होते. तेथे असतानाच, १९०७ च्या अखेरीस, त्यांची पत्नी एव्हा वारली. १९१३ मध्ये एक लहान मुलगाही गेला. युद्धकाळात, १९१७-१८ मध्ये, त्यांनी वॉशिंग्टनला राहून आपल्या देशासाठी धान्याचा करार मिळविला. भुकेचे आणि कागदपत्रांचे नाते त्यांना तेथे जवळून दिसले.

चार लाख कैदी

पहिले महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात थांबले. पण लाखो युद्धकैदी त्यानंतर दीड वर्षाने देखील घरी पोहोचले नव्हते. रशियात, विशेषतः सैबेरियात, ऑस्ट्रिया-हंगेरीचे व जर्मनीचे सैनिक अडकलेले. जर्मनीत रशियन सैनिक अडकलेले. ज्या ऑस्ट्रिया-हंगेरीसाठी ते लढले तो देशच आता नकाशावरून पुसला गेला होता. त्यांना न्यायचे कोणी? आगगाड्या मोडलेल्या, जहाजे जप्त, आणि मॉस्कोच्या नव्या सरकारशी पश्चिमेकडचे देश बोलायला तयार नाहीत.

एप्रिल १९२० मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने हे काम नान्सेन यांच्यावर सोपविले. ते त्या वेळी ५८ वर्षांचे होते आणि त्यांना आपल्या समुद्रविज्ञानाकडे परतायचे होते. तरी त्यांनी होकार दिला. मॉस्कोला गेल्यावर कळले की सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानीतच नाही. मात्र नान्सेन या व्यक्तीशी बोलायला त्यांची हरकत नव्हती. एवढी फट नान्सेन यांना पुरेशी होती. संघाच्या नावाचा आग्रह न धरता त्यांनी कामाचे बोलणे केले. मालकीच्या वादात पडून राहिलेली जर्मन जहाजे मागून घेतली, सरकारांकडून कर्जाऊ पैसा उभा केला, आणि बाल्टिक समुद्रातून जाणारी जहाजे एका बाजूने रशियन कैदी नेताना व दुसऱ्या बाजूने मध्य युरोपातले कैदी आणताना, दोन्ही खेपा भरून धावू लागली. सप्टेंबर १९२२ मध्ये त्यांनी संघापुढे हिशेब ठेवला तेव्हा ४ लाख २७ हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी पोहोचली होती.

येथे प्रवाह अनुकूल होता, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रत्येक सरकारला आपला माणूस परत हवाच होता. खरी कसोटी पुढे होती. जी माणसे कोणत्याच सरकारला नको होती त्यांची.

ज्यांना कोणी धनी नाही

रशियातील क्रांती आणि नंतरच्या यादवी युद्धामुळे सुमारे १० ते १५ लाख लोक देशाबाहेर फेकले गेले. एकट्या नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियातून पराभूत सैन्यासह सुमारे दीड लाख माणसे मिळेल त्या जहाजाने कॉन्स्टँटिनोपलला आली. सरदार, शेतकरी, डॉक्टर, कझाक घोडेस्वार, शाळकरी मुले असा तो मेळा होता. धर्मादाय संस्था काही काळ जेवण घालू शकत होत्या. पण शिबिरातून उठून दुसऱ्या देशात कामाला जाण्याचा परवाना त्या देऊ शकत नव्हत्या. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १९२१ च्या आरंभी राष्ट्रसंघाला तसे कळविले, आणि त्याच वर्षी नान्सेन यांची रशियन निर्वासितांसाठी उच्चायुक्त म्हणून नेमणूक झाली. निर्वासितांच्या प्रश्नासाठी आंतरराष्ट्रीय अधिकारी नेमण्याची जगातील ही पहिलीच वेळ.

त्यांना पद मिळाले, पण पैसा मिळाला नाही. संघाने केवळ कचेरीचा खर्च मंजूर केला. त्यातच १९२१ च्या अखेरीस सोव्हिएत सरकारने देशाबाहेर गेलेल्या बहुसंख्य लोकांचे नागरिकत्व रद्द करण्याचा हुकूम काढला. आता या लोकांजवळची जुनी झारशाही कागदपत्रे रद्दी झाली. माणूस जिवंत, पण कायद्याच्या लेखी कोणत्याही देशाचा नाही. त्याला सीमा ओलांडता येईना, रीतसर नोकरी धरता येईना, काही ठिकाणी विवाहाची नोंद करणेही अवघड होई.

जुलै १९२२ मध्ये नान्सेन यांनी जिनीव्हात सरकारांच्या प्रतिनिधींची परिषद भरविली आणि एक साधी सूचना मांडली. निर्वासित ज्या देशात आहे त्या देशाच्या सरकारने त्याला ओळखीचा एक दाखला द्यावा. बाकीच्या सरकारांनी तो ओळखावा व त्यावर प्रवेशाचा शिक्का मारण्यास तयार असावे. बस्स, एवढेच. दाखल्याची मुदत एक वर्ष. तो दिला म्हणून कोणावर माणसाला आत घेण्याचे बंधन नाही, की गेलेल्याला परत घेण्याचेही नाही. सरकारांना यात गमावण्यासारखे काहीच नव्हते, उलट आपल्या शिबिरातला माणूस दुसरीकडे जाण्याची सोय होती. ‘फ्राम’च्या गोल तळासारखीच ही युक्ती. प्रारंभी १६ सरकारांनी मान्यता दिली आणि पुढे ती संख्या पन्नासाच्या वर गेली. लोक त्या कागदाला ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणू लागले.

या कागदाचे उणेही लवकरच दिसून आले. पाहुणा परत पाठविता येणार नाही म्हटल्यावर त्याला आत कोण घेईल? म्हणून १९२६ च्या करारात, जाणाऱ्याला परत येण्याचा शिक्काही द्यावा, असे ठरले. शिवाय ज्यांना ऐपत आहे त्यांनी पाच सुवर्ण फ्रँकचे एक तिकीट दाखल्यावर चिकटवावे, गरिबांना ते माफ असावे आणि जमणारा पैसा निर्वासितांवरच खर्च व्हावा, अशीही योजना झाली. त्या तिकिटावर नान्सेन यांचे चित्र होते. सरकारांनी पैसा दिला नाही, तेव्हा निर्वासितांतल्या सुस्थितीतल्यांनी आपल्या गरीब बांधवांचा भार वाहिला, असा याचा अर्थ. सुमारे साडेचार लाख लोकांना हा दाखला मिळाला. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि राख्मानिनोव्ह, चित्रकार शागाल, कादंबरीकार नाबोकोव्ह हे त्यांतलेच. पण बहुसंख्य होते ते खाणीत, शेतावर, कारखान्यात राबणारे साधे लोक. १९२५ पासून काही वर्षे नोकऱ्या शोधण्याचे काम आंतरराष्ट्रीय श्रमिक संघटनेकडे होते. जेथे कामगार कमी, तेथे निर्वासित पाठवावे, असे तिचे धोरण होते. युद्धात तरुण पिढी गमावलेल्या फ्रान्सला माणसे हवीच होती.

महाविद्यालयीन वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने त्या काळी हजारो रशियन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन आपल्या विद्यापीठांत शिकविले. ज्या मुलांचे शिक्षण क्रांतीने मध्येच तोडले होते, त्यांना प्रागमध्ये ते पूर्ण करता आले. देश नवा, तिजोरी बेताची. पण पुनर्वसन म्हणजे केवळ छप्पर नव्हे, हे त्या सरकारला कळले होते.

जेथे बर्फ हलला नाही

१९२१ च्या उन्हाळ्यात व्होल्गा नदीकाठी भयंकर दुष्काळ पडला. अवर्षण होतेच, त्यात यादवी युद्ध आणि शेतकऱ्यांकडून सक्तीने केलेली धान्यवसुली. नान्सेन यांनी ते कामही पत्करले. सप्टेंबरमध्ये राष्ट्रसंघाच्या सभेपुढे उभे राहून त्यांनी ५० लाख पौंडांचे कर्ज मागितले. समुद्रापलीकडे धान्याची कोठारे भरलेली होती, जहाजे रिकामी उभी होती, आणि हिवाळा दोन महिन्यांवर आला होता. तरी सभेने नकार दिला. या पैशाने बोल्शेविकांचे राज्य टिकेल, अशी सरकारांना धास्ती होती.

नान्सेन स्वतः दुष्काळी भागात गेले, छायाचित्रे घेऊन आले, आणि युरोपच्या शहराशहरांतून व्याख्याने देऊन लोकांकडून पैसे गोळा केले. मदतीचा सर्वांत मोठा वाटा मात्र अमेरिकेच्या हूव्हर यांच्या संघटनेचा होता. ऐन भरात ती रोज एक कोटीवर माणसांना जेवू घालीत होती. तरीसुद्धा सुमारे ५० लाख माणसे मेली, असा अंदाज आहे. वृत्तपत्रांनी नान्सेन यांना कम्युनिस्टांचा हस्तक म्हटले, तर रशियन निर्वासितांतले कित्येक त्यांना आपल्याला परत मॉस्कोच्या हवाली करू पाहणारा समजत. दोन्ही बाजूंची बोलणी खाऊन ते काम करीत राहिले. १९२२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्याचा पैसाही त्यांनी मदतकार्यातच घातला.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त प्रकरणाकडे वळू. १९२२ च्या सप्टेंबरात तुर्की सैन्याने ग्रीकांचा पराभव केला, स्मर्ना शहर जळाले, आणि आशिया मायनरमधले लाखो ख्रिस्ती लोक ग्रीसच्या किनाऱ्यावर येऊन पडले. नान्सेन यांनी दोन्ही बाजूंशी बोलून लोकसंख्येच्या अदलाबदलीची शिफारस केली. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे तसा करार झाला. ही अदलाबदल सक्तीची होती, आणि तिची कसोटी होती धर्म. सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले, तर ४ लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात. त्यांत असेही ख्रिस्ती होते की ज्यांची मातृभाषा तुर्की होती, आणि क्रीटचे असे मुसलमान होते की ज्यांना ग्रीकखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. ‘मायदेशी’ पोहोचल्यावर ते परकेच ठरले.

१९४७ पाहिलेल्या देशातल्या आपल्यासारख्यांना यावर वेगळे भाष्य नको. लोक आधीच उखडले गेले आहेत, परत गेले तर कत्तल होईल, तेव्हा जे झाले आहे त्याला व्यवस्था द्यावी, असा नान्सेन यांचा हिशेब होता. हा हिशेब चुकीचा म्हणणे सोपे नाही, आणि निर्दोष म्हणणे तर मुळीच शक्य नाही. प्रवाहाबरोबर जाणाऱ्याला कधी कधी असे ठिकाण गाठावे लागते की जेथे जाण्याची त्याची इच्छा नसते.

पुढचे काम मात्र नमुनेदार झाले. १९२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली ग्रीसमध्ये निर्वासित पुनर्वसन आयोग स्थापन झाला. ग्रीक सरकारने जमीन दिली, आणि राष्ट्रसंघाच्या पाठिंब्यावर १९२४ मध्ये लंडन, न्यूयॉर्क व अथेन्स येथे कर्ज उभारले गेले. मॅसिडोनिया व थ्रेसमधील ओसाड जमिनीवर घरे, बैल, बियाणे देऊन गावे वसविली गेली. पैसा भीक म्हणून आला नाही, कर्ज म्हणून आला. निर्वासित म्हणजे खाणारे तोंड, ही समजूत बाजूला पडून, पुरेसे भांडवल दिले तर तो पिकविणारा हात आहे, हे दिसून आले.

हाच प्रयोग आर्मेनियन लोकांसाठी करावा म्हणून नान्सेन यांनी जिवाचे रान केले. १९१५ च्या हत्याकांडातून वाचलेले हे लोक सीरिया, लेबनॉन, ग्रीस येथे विखुरले होते. १९२४ मध्ये त्यांना नान्सेन पासपोर्टची सवलत मिळाली. १९२५ मध्ये नान्सेन तज्ज्ञांसह एरेव्हानला गेले आणि ३६ हजार हेक्टर जमीन पाण्याखाली आणून १५ हजार निर्वासित वसविण्याची योजना त्यांनी तयार केली. पैसे मात्र कोणी दिले नाहीत. युद्धाच्या काळात आर्मेनियाला आश्वासने देणारी मोठी राष्ट्रे आता हिशेबाच्या वह्या पुढे करू लागली. नान्सेन वर्षामागून वर्षे हा विषय सभेपुढे आणीत राहिले. हे अपयश त्यांना फार लागले, हे त्यांनी आर्मेनियावर लिहिलेल्या पुस्तकावरूनही दिसते.

१३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळच्या आपल्या घरी, व्हरांड्यात बसलेले असताना, त्यांचे निधन झाले. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी शासकीय इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला.

नान्सेन यांच्यानंतर

त्यांच्या पश्चात राष्ट्रसंघाने त्यांच्या नावाची कचेरी चालविली, आणि तिला १९३८ चे शांततेचे नोबेल मिळाले. दैवदुर्विलास असा की त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जर्मनीतील ज्यूंचा प्रश्न सोडविण्यास जमले, आणि जवळजवळ प्रत्येकाने सहानुभूती दाखवून दार बंद ठेवले. दाखला देणारा हात असला तरी दार उघडणारा हात नसेल तर काय होते, ते पुढे जगाने पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि आंतरराष्ट्रीय मदतीने पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत स्थिरावले. १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचे कार्यालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या निर्वासितविषयक करारात प्रवासाच्या दाखल्याचे कलम आले. ते नान्सेन पासपोर्टचेच वंशज होय. भारताने या करारावर सही केलेली नाही, तरी तिबेटी लोकांना जो दाखला आपण देतो त्याची जात तीच.

या कल्पनेची मोठी परीक्षा व्हिएतनामी निर्वासितांच्या वेळी झाली. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडल्यानंतर लोक लहानलहान होड्यांतून दक्षिण चीन समुद्रात शिरू लागले. वादळ, तहान आणि समुद्री चाचे यांतून जे वाचत, त्यांच्या होड्या मलेशिया, थायलंडसारखे देश पुन्हा समुद्रात लोटू लागले. आम्ही यांना किती काळ पोसायचे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो गैर नव्हता. जुलै १९७९ मध्ये जिनीव्हात ६५ देशांची परिषद भरली. व्हिएतनामने लोकांना रीतसर व सुरक्षित मार्गाने जाऊ द्यावे, शेजारच्या देशांनी तात्पुरता आसरा द्यावा, आणि अमेरिका, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदींनी त्यांना कायमचे घर द्यावे, असा तिहेरी सौदा ठरला. पुनर्वसनाच्या जागा १ लाख २५ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर गेल्या. १९८१ मध्ये उच्चायुक्तांच्या कार्यालयाला शांततेचे नोबेल मिळाले, यात नवल नाही.

तोही सौदा कायमचा टिकला नाही. १९८० नंतरच्या दशकात माणसे येतच राहिली, घरे देणारे थकले. १९८९ मध्ये पुन्हा जिनीव्हात बैठक झाली आणि प्रत्येकाची छाननी करून, जो छळामुळे पळालेला नाही त्याला परत पाठवावे, असे ठरले. पुढील काही वर्षांत एक लाखाहून अधिक लोक व्हिएतनामला परतले. सर्वच काही राजीखुशीने गेले नाहीत. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत होडीने किनारा गाठलेल्या व्हिएतनामी लोकांची संख्या ८ लाखांच्या घरात जाते. किती जण समुद्रातच राहिले, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

नान्सेन यांच्या चरित्रातून कोणी साधुपुरुषाचे चित्र काढू पाहील तर ते फसेल. ते हट्टी होते, हिशेबी होते, आणि लोझानच्या बाबतीत त्यांच्या हिशेबाचे मोल लाखो लोकांनी आपल्या घरादाराने चुकविले. त्यांचे खरे मोठेपण असे की सरकारे निर्दय आहेत म्हणून ते हात झटकून बसले नाहीत, आणि दयाळू होतील या आशेवरही राहिले नाहीत. ज्याच्याजवळ जमीन त्याच्याकडून जमीन, ज्याच्याजवळ पैसा त्याच्याकडून कर्ज, ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही त्याच्याकडून निदान एक शिक्का, असे मागत ते दारोदार फिरले. जेथे मिळाले तेथे माणसे वाचली आणि पुन्हा उभी राहिली. जेथे मिळाले नाही तेथे व्होल्गाकाठी माणसे मेली, एरेव्हानची जमीन कोरडी राहिली.

आपल्यापैकी काही विद्यार्थी उद्या तहसील कचेरीत बसतील, काही पोलिसांत जातील, काही परराष्ट्र खात्यातही जातील. एखाद्या दिवशी त्यांच्या टेबलासमोर एक माणूस येईल, ज्याच्या अर्जावरचा ‘देश’ हा रकाना कोरा असेल. त्या वेळी हातात शिक्का असेल तो आपल्याच. तेव्हा या नॉर्वेजियन प्राध्यापकाची आठवण झाली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.